तांब्याखालची सूज

तुम्ही गेलात, पण तुमचा तो पितळी तांब्या काही गेला नाही. अजून माणसं उताणी पाडतोय. म्हणून लिहायला बसले, आबा. दुसरीतून शाळा सोडवलीत, तेवढ्या अक्षरांत मावेल तेवढं ऐका.

परवा शिरपूरला धाकट्या भावाकडे गेले. तुमचा लाडका ओसरीवर पडलेला, बेंबीवर पेटती पणती, तिच्यावर तांब्या उपडा. कातडी वर ओढली गेली की बेंबी जागेवर बसली म्हणायचं, ही तुमचीच विद्या. म्हटलं, दवाखान्यात चल. तर म्हणतो, "अक्का, बेंबी सरकनी शे, दुसरं काय? आबाले बी असंच व्हये."

"मंग आबा कोठे शे आते?" मी विचारलं. त्याने तांब्या पोटावर आणखी दाबून धरला.

मला धुळ्याचा तो दवाखाना आठवतो. तुम्ही हळदीसारखे पिवळे, दुखणं पोटातून पाठीत गेलेलं, आणि तरी डॉक्टरला तांब्याचे गुण सांगताय. तो विचारतो, "तांब्या लावल्यावर जेवत होतात का?" तुम्ही म्हणता, "नाही, त्या दिवशी फक्त मुगाचं पाणी." तो म्हणतो, "बाबा, उपाशी राहिलात म्हणून सूज उतरायची. जठरामागे स्वादुपिंड असतं, ते दारूने सुजत होतं. गुण उपासाचा, नाव तांब्याचं." मग मला बाहेर नेऊन सांगितलं, वर्षानुवर्षं सूज येत राहिली की तिथे कॅन्सरची गाठ होऊ शकते. सगळ्यांना होत नाही, यांना झाली. आता उशीर झालाय.

उशीर कुणी केला? दुखणं उतरलं की दुसऱ्याच दिवशी बाटली आणि विडी, वर पाहुण्यांपुढे फुशारकी. पोराने तेवढंच पाहिलं आणि तेवढंच उचललं, बाटलीसकट. तुमचं शेवटचं कण्हणं ऐकायला तो दवाखान्यात नव्हता, मी होते. त्याला वारसा मिळाला तो गुणाचा, आणि मला त्या आवाजाचा. त्याला अजून फक्त सूज असेल, तर अजून वेळ आहे. एवढ्यासाठी माझा जीव जळतोय.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं? राहू दे इथेच. एक सांगते, निघताना तो तांब्या पदराखाली घालून आणलाय आणि ज्वारीच्या कणगीत पुरलाय. तो मागायला येणारच. तुम्ही मध्ये बोलायचं नाही, आबा. "आबा कोठे शे आते" याचं उत्तर त्याने द्यायचं, तेही धुळ्याच्या डॉक्टरसमोर बसून.