रायफल कोणाकडे राहील याबद्दल

मी, एलवुड क्रेप्स, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार लॉरेल फोर्क, पेनसिल्व्हेनिया, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवतो. शिक्षण आठवीपर्यंत; पुढचे आयुष्य लाकडाच्या गिरणीत गेले. चूक असेल तर वकीलबाईंनी सुधारावी, अर्थ मात्र बदलू नये.

१. घर व मागची चार एकर जमीन मुलगी लोरीन आणि मुलगा ड्वेन यांना समान. धुराडे दर ऑक्टोबरात साफ करावे. दोनदा सांगितले आहे, आता लिहून देतो.

२. करवती, पटाशा व जुना ट्रक ड्वेनला. त्यांच्या आईचे शिवणयंत्र लोरीनला. मेहुणा क्लेटन याला काही नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी नेलेली शिडी त्याने ठेवून घ्यावी.

३. आता ती रायफल. सैनिकी धाटणीची, एका दमात तीस गोळ्यांची. गावच्या अग्निशमन दलाने निधीसाठी काढलेल्या सोडतीत मला बक्षीस लागली. हरणासाठी माझी जुनी बंदूक पुरत होती. हिच्यातून मी एकही गोळी झाडलेली नाही. तरी हिच्यावरून सात वर्षे थँक्सगिव्हिंगच्या सणाचे जेवण गार होते. लोरीन शाळेत शिकवते. अशा बंदुकांवर बंदी यावी म्हणून फलक घेऊन राजधानीला जाते.

"माझी पहिलीतली पोरं, शाळेत कुणी बंदूक घेऊन घुसला तर म्हणून, दार लावून टेबलाखाली लपायचा सराव करतात, आणि असली बंदूक बाबांच्या कपाटात!"

"ताई, कपाटातली बंदूक कुणाला चावत नाही. बटाटे दे इकडे. उद्या माझा काटाचमचाही जप्त करशील."

मग दोघेही, "बाबा, तुम्ही बोला ना!"

मी रस्सा वाढतो. बंदुकीच्या हक्काबद्दल राज्यघटना काय म्हणते, ते मला कळत नाही. ऐकून ऐकून थकलो आहे.

४. मला ड्वेन कळतो. मार्चमध्ये बायको सोडून गेल्यापासून तो उभ्यानेच जेवतो. गेल्या महिन्यात ट्रकमध्ये म्हणाला, "मी नसलो तर कुत्र्याला कोण बघेल, एवढंच वाटतं, बाबा." मी रेडिओ बंद केला आणि गप्प बसलो. ते गप्प बसणे मला झोपू देत नाही.

म्हणून रायफल लोरीनला नाही. ती बंदूक कापून तुकड्यांचा फोटो छापेल आणि भाऊ कायमचा तुटेल. रायफल ड्वेनचीच. पण ती बंदुका दुरुस्त करणारे हार्लन योस्ट यांच्या तिजोरीत राहील. ड्वेनने ती साठाव्या वाढदिवशी स्वतः येऊन न्यावी. आज तो एकोणपन्नास वर्षांचा आहे. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला देऊ नये.

वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मी म्हटले, हे कलम आजच वाचा. ड्वेन आणि हार्लन, दोघांना बोलावले आहे.

५. (वाचनानंतर जोडले.) ड्वेन बराच वेळ हातात टोपी फिरवत राहिला.

"अकरा वर्षं, बाबा?"

"अकरा."

"ताई हसेल."

"हसू दे. तू ये म्हणजे झालं."

तो उठून बाहेर ट्रककडे गेला. मी खिडकीशी उभा राहिलो. परत आला तेव्हा त्याने गाडीच्या कप्प्यातले पिस्तूल, गोळ्या काढून, हार्लनच्या हातात दिले.

"हेही लिहा," म्हणाला.

लिहिले: पिस्तूल एक, मालक ड्वेन क्रेप्स, त्याच तारखेपर्यंत, त्याच अटीवर.

वरील सर्व मला वाचून दाखवले. ते माझेच म्हणणे आहे.

सही: एलवुड क्रेप्स
साक्षीदार: बर्निस कोल्ब, क्लेअर डाइट्स
स्थळ: लॉरेल फोर्क
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५