चामड्याची चकती

आई,

परवा आपल्या गावात पुन्हा पंप बसला. त्याच विहिरीवर. भाषणाला मला बोलावलं होतं, आणि अध्यक्ष कोण म्हणशील तर पाटील, तोच. दात गेलेत, आवाज तसाच आहे. "ही सुधारणा आपल्या गावानं आपखुशीनं घेतली," असं तो म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला आधी तुझा पाय आठवावा लागतो. घोट्याजवळ बांधलेली ती काडी, आणि कातडीतून बाहेर येणारा, रोज थोडाथोडा तिच्यावर गुंडाळलेला नारू, पांढऱ्या दोऱ्यासारखा. तो तुटू नये म्हणून तू श्वास धरून चुलीपाशी बसायचीस आणि बसल्या बसल्या भाकऱ्या थापायचीस.

मी तेव्हा कर्जतला रेल्वेच्या पाणीघरात कामाला होतो. घाट चढणाऱ्या इंजिनांना नदीचं पाणी हौदात निवळवून द्यायचो, कारण घाणेरड्या पाण्यानं इंजिन बिघडतं. आणि घरी यावं तर तू पायऱ्यांच्या विहिरीतलं हिरवं पाणी गाळून माठात ओततेस. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर ढग फुटतात आणि चैत्रात त्या विहिरीच्या तळाशी बायका वाटीनं पाणी भरतात. सगळा पाऊस नदीनं समुद्राला नेलेला असतो. त्यातच नारू झालेला माणूस पायरीवर बसून पाय बुडवतो, कारण तेवढ्यानं जळजळ थांबते. बुडवला की किड्याची पिल्लं पाण्यात सुटतात, त्यांना पाण्यातले बारीक जीव गिळतात आणि ते जीव आपण पितो. हे परदेशातल्या विद्वानांनी भिंगाखाली पाहून लिहिलं होतं. मी वाचलं त्या रात्री जेवलो नाही.

रेल्वेच्या डॉक्टरचं सूक्ष्मदर्शक मी मागून आणलं तो दिवस तुला आठवत असेल. ओटीवर अख्खी आळी जमलेली. तू एक डोळा मिटतेस, मग दुसरा, मग दोन्ही. "काय बी दिसत नाय रं." आणि मग एकदम मागे सरतेस. "आगं बाय! पान्यात पिसवा हायत की! ह्या पितो आमी?" शेजारची काकू म्हणाली, "पिसवा त्याच्या नळीतच असतील, सायबाच्या घरची हाय ती." सगळे हसले, तूही हसलीस, पण त्या दिवसापासून पदराच्या दोन घड्या करून पाणी गाळायला लागलीस.

गावानं नवी विहीर खणली ती माझ्या भाषणांमुळे नव्हे, चैत्राच्या धाकानं. वरून काळ्या दगडाच्या फरशा घातल्या, म्हणजे उन्हानं पाणी आटायचं नाही आणि कोणाचा पाय आत पडायचा नाही. रेल्वेनं भंगारात टाकलेला हातपंप मी दुरुस्त करून बसवला. पहिली ओंजळ तू घेतलीस. "गोड हाय," म्हणालीस. तेवढ्यात पाटलानं विचारलं, "आत काय हाय रं? पानी वर येतं कसं?" मी पंप उघडला, दट्ट्या हातात धरून दाखवला आणि सांगितलं, ही चामड्याची चकती पाणी ओढते. ओंजळी थांबल्या. एकानं तोंडातलं पाणी थुंकलं.

देवळापुढे गाव बसलं. मी ओरडून विचारलं, "मोट कशाची? तेलाचा बुधला कशाचा? मारुतीपुढचा मृदंग कशानं मढवलाय?" पाटील म्हणाला, "मृदंग काय पितो आमी?" लोक खदखदा हसले. "आणि मळ्यात मोटेचं पाणी पिता ते?" "ती वहिवाट हाय." एवढंच. वहिवाट! नारू पोटात चालतो, कारण तो आजोबांच्याही पोटात होता. पंपानं विहीरच बाटली, तिचं पाणी पिईल तो वाळीत, असं ठरलं.

रात्री तू मला झापलंस. "उघडायचा कशाला व्हता?"

"खोटं सांगू?"

"खोटं नको सांगू. पन मानूस पानी पितो तवा त्याला पोट फाडून दावतात का रं?"

आणि सकाळी घागर घेऊन लंगडत पायऱ्यांच्या विहिरीकडे निघालीस. मी आडवा आलो. तू म्हणालीस, "तुज्या बहिनीचं लगीन ठरलंय. वाळीतल्या घरातली पोर कोन न्हेईल? सर बाजूला." मी सरलो नाही; तू वळसा घालून गेलीस. पुढच्या उन्हाळ्यात नारू गुडघ्यातून निघाला, तुटला, पाय फुगला, आणि बहीण माहेरपणाला यायच्या आत तू गेलीस. पंपाच्या फरशीवर तेव्हा गावाच्या मिरच्या वाळत होत्या.

आता पाटलाच्या नातवाला नारू झाला, तशी धर्माला वाट सापडली. कोणा शास्त्र्यानं सांगितलं, चकतीवर गंगाजल शिंपडलं की दोष नाही. अशा लोकांची मला शिसारी येते. अडाण्यांची नाही येत. सगळं कळत असून आपल्या घरात दुखेपर्यंत थांबणाऱ्यांची येते.

मी भाषणात हे सगळं बोललो, पाटलाकडे बोट करून. तो मान हलवत ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "चांगलं बोलतो, बापाचा आवाज हाय." मग पहिली ओंजळ मला दिली. सगळं गाव बघत होतं. मी पाणी तोंडात घेतलं आणि आई, ते घशाखाली उतरेना. चामड्याचा वास आला. नव्हताच वास, मला ठाऊक आहे, त्या चकतीचं शास्त्र मी गावोगाव शिकवतो. तरी मिशा पुसायच्या मिषानं ते उपरण्यात सोडलं. गाव टाळ्या वाजवत होतं.

तू ती ओंजळ गोड म्हणून प्याली होतीस. मला अजून जमलेलं नाही. हे दुसऱ्या कोणाला सांगायची माझी छाती नाही, आणि हा कागद कुठे धाडायचा नाही म्हणूनच लिहिलं.