तीन खाटांची खोली

१२ सप्टेंबर

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद-पेन घेऊन बसलोय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे ठाऊक आहे. हसून घे आणि पुढे वाच.

मुद्दा असा की पुढच्या महिन्यात शाळेला सुट्टी लागतेय, म्हणजे मी चालवतो त्या बसलाही. आपण तीन दिवस गाडी काढू. पहिल्या दिवशी समुद्राच्या कडेकडेने जायचं, संध्याकाळी आत वळून द्राक्षमळ्यांत मुक्काम. दुसरा दिवस मळ्यांत, तिसऱ्या दिवशी डोंगरातून घरी. मळेवाले वाइन चाखायला देतात म्हणे. मी चालवणार, त्यामुळे चाखायचं काम तुझ्याकडे. तुझ्या वहिनीला दवाखान्यातून रजा मिळत नाही, तेव्हा आपण दोघंच. तिचं म्हणणं, बहीणभावांना एकमेकांचं डोकं खायला तीन दिवस भरपूर झाले.

आई गेली त्याला अर्धं वर्ष होत आलं. मावशी येईल-जाईल त्याला सांगते, पोरगी खंबीर हो, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मला ते कौतुक ऐकवत नाही. लकवा झाल्यापासून आईला त्या चाकाच्या खुर्चीतून उठवणं, बसवणं, भरवणं, सगळं तू एकटीने काढलंस. आता तू जेवतेस का, झोपतेस का, हे मला कळायला मार्ग नाही. काळजी वाटते, सरळच सांगतो.

थांबे आणि मुक्काम तू ठरव. माझ्यावर सोपवलंस तर मी प्रत्येक कोपऱ्यावर गाडी उभी करून पोरं चढायची वाट बघत बसेन.

वहिनी आठवण काढते. दोन ओळी धाडल्यास तरी लोभ पोचला म्हणेन.

तुझा,
दादा


२० सप्टेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षर लागलं, तुझ्या कोंबडीची मला सवय आहे.

येते. आमच्या कवळ्यांच्या कारखान्याच्या मालकांना विचारलं, ते म्हणाले जाच. इतक्या चटकन म्हणाले की माझ्या हातून काही बिघडलंय की काय, अशी शंका आली. पण काम ठीक चाललंय. मेणात दात बसवते, वरखालचा चावा जुळवते, घासते, कवळी डबीत जाते. पूर्वी एखादी सुरेख जमली की ती घालून कोण हसेल, असा विचार यायचा. आता येत नाही. जेवते, पण काय जेवले ते संध्याकाळी आठवत नाही. झोपेत एक कान उघडाच असतो. दात काढण्याआधी सुई देतात, मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं सगळं आहे. दुखत नाही, त्यामुळे तक्रारही नाही.

आखणी मात्र केली, आणि झकास झाली. सकाळी ऊन चढायच्या आत निघू. पाऊण तासाहून जास्त सलग बसायचं नाही. पहिला थांबा पुलाच्या पलीकडच्या पेट्रोल पंपावर. तिथल्या संडासाचं दार रुंद आहे आणि आत धरायला दांडी आहे, फोन करून विचारलं. कड्यावरच्या दीपगृहाला जायचं नाही, पायऱ्या फार आहेत. त्याच्या पुढच्या किनाऱ्यावर पाण्यापर्यंत लाकडी फळ्या टाकल्यात, तिथे चाकं रुतायची नाहीत. जेवण वेळच्या वेळी. खानावळवाली भाज्या मऊ शिजवून देईन म्हणाली. मुक्कामाची खोली तळमजल्यावर मिळाली, तीन खाटांची, त्यातली एक न्हाणीघराच्या दाराला लागून. मळे पुष्कळ आहेत, पण वेलींच्या मधून डांबरी वाट असलेला एकच निघाला, तोच घेतला. जवळ दवाखाना आहे आणि डॉक्टर वरच राहतात.

काही राहिलं असेल तर कळव. वहिनीला नमस्कार. तुमची माया आहे तशीच असू दे.

तुझी,
मुंगी


२७ सप्टेंबर

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझी आखणी वहिनी मला मोठ्याने वाचून दाखवत होती. चाकांपाशी आली आणि थांबली. पत्र माझ्या हातात दिलं आणि गॅसवर काही नसताना स्वयंपाकघरात निघून गेली.

सांगू की नको, असं माझं चाललं होतं. वहिनीचं मत, काही बोलू नये, तसंच जाऊन यावं. पण तुझ्यापासून काही लपवलं की माझं पोट दुखतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. मुंगे, आपण दोघंच आहोत. मला रुंद दार लागत नाही, तुलाही लागत नाही. ती खोली, ती फळ्यांची वाट, त्या मऊ भाज्या, सगळं तू आईसाठी ठरवलंयस.

रागावू नकोस. मी पत्र वाचून रडलो. इतकी चोख आखणी तिच्यासाठी दुसऱ्या कुणाला जमली नसती.

लवकर लिही. नुसतं वाचलं एवढं कळवलंस तरी तुझ्या दादाचा जीव भांड्यात पडेल.

तुझा,
दादा


६ ऑक्टोबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

रागावले नाही. तुझं पत्र कामावर वाचलं, घडी करून ठेवलं आणि पुढची कवळी हातात घेतली.

घरी आल्यावर मात्र एकेक थांबा आठवत बसले. खानावळवालीला मी सांगितलं होतं, आमच्या आईला डाव्या बाजूने चावता येत नाही. ‘येत नाही’ म्हणाले, ‘येत नव्हतं’ म्हणाले नाही. तेव्हा जरासुद्धा खटकलं नाही. आता माझीच मला भीती वाटते.

मग आपल्या दोघांची नवी आखणी करायला घेतली. जमेना. मला कुठे थांबायला आवडेल, काय खावंसं वाटेल, असं स्वतःला विचारलं आणि उत्तरच आलं नाही. आईला काय हवं ते तिने मान वळवण्याआधी मला कळायचं. स्वतःचं काही कळत नाही. असल्या माणसाला समुद्र काय नि डबकं काय. दादा, राहू दे हे सगळं. तू घरी आराम कर, मी खोलीचं रद्द करते.

वहिनीला सांग, तिने वाईट वाटून घेऊ नये. तुम्हा दोघांचा लोभ मला पुरून उरतो.

तुझी,
मुंगी


९ ऑक्टोबर

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

काही रद्द करायचं नाही. आखणी आहे तशी राहू दे, आईच्या चालीने जाऊ. तिसऱ्या खाटेवर माझी बॅग झोपेल, ती घोरत नाही. मऊ भाज्या मी खाईन. तुझ्या वहिनीच्या चावून चावून माझी एक दाढ गेलीच आहे, हे तिला सांगू नकोस.

तुझं उत्तर आल्यावर निघू म्हटलं तर राहूनच जाईल. तुला काही वाटलंच पाहिजे, अशी अट नाही. गाडीत येऊन बस, बाकी माझ्याकडे. एवढं ऐकलंस तर भरून पावलो.

तुझा,
दादा


२१ ऑक्टोबर, मुक्कामावरून

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादा बाहेर मळेवाल्याशी कुठला रस्ता जवळचा यावर वाद घालतोय, तेवढ्यात लिहून घेते. वाद बराच चालेल असं दिसतंय.

काल तुमच्या दारातून निघालो, तू कोपऱ्यापर्यंत हात हलवत होतीस. त्यानंतरचं मला काही ठाऊक नाही. मी झोपले, वहिनी. पूल गेला, पेट्रोल पंप गेला, फळ्यांचा किनारा गेला, जेवणाची वेळ टळली. दादाने एकदाही हाक मारली नाही. शाळेतून परतताना दमलेली पोरं खिडकीला डोकं टेकून झोपतात, त्यांना धक्का न लावता वळण घ्यायचं त्याच्या अंगवळणी पडलंय. इंजिन बंद झालं की पोरं जागी होतात म्हणे. म्हणून खानावळवालीला हाताने खुणा करून त्याने जेवण गाडीपाशीच मागवून घेतलं आणि इंजिन चालू ठेवूनच एकट्याने खाल्लं.

मला जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंना वेली होत्या. आधी मी मागच्या सीटकडे हात नेला. तिथे त्याची बॅग होती.

मग मला राग आला. असा की मी दादाला नाही नाही ते बोलले. मला उठवलं का नाही, मी समुद्र बघायला आले होते, परस्पर ठरवणारा तू कोण. त्याने गाडी बाजूला घेतली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, उठवण्यासारखं काही नव्हतं, कुणालाच काही लागत नव्हतं. तेव्हा मला रडू फुटलं. आई हवी होती मला, वहिनी. तिचं काही करायला नव्हे, नुसती हवी होती. दादाने रुमाल पुढे केला, तो गाडीची काच पुसायचा निघाला.

आज मळा पाहिला. वाइन चाखली, आंबट लागली. त्यांच्याकडची द्राक्षं बरी होती, ती तुझ्यासाठी घेतलीत.

उद्या डोंगरातून घरी यायचं ठरलं होतं. तसं येत नाही. आल्या वाटेने परत जाणार आहोत, आणि गाडी थांबेल ती मी म्हणेन तिथे. दादा कबूल झालाय. माझ्या मालकांना तेवढा फोन कर की मी ठरल्या दिवशी कामावर येत नाही. कारण विचारलं तर सांग, तिला समुद्र बघायचाय.

माया आहेच, ती वाढती राहो.

तुझी,
मुंगी