निळ्या चित्रासमोर टाळी लागली

६ मे, सोमवार
साडू जेवायला आले होते. नेहमीप्रमाणे रिकाम्या हातांनी. कलासंग्रहालयातल्या एका चित्रासमोर त्यांना म्हणे आत्मिक आनंद झाला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. हे सांगता सांगता दोनदा भात वाढून घेतला. ते गेल्यावर बायको म्हणाली, तुमच्या डोळ्यांत शेवटचं पाणी कधी आलं होतं? म्हटलं, कांदा चिरताना. हसली नाही. म्हणाली, पाइप आणि नळ सोडून तुम्हाला कशाने तरी आनंद झालेला मला एकदा बघायचाय, मरायच्या आधी. कोणाच्या, ते विचारायचं राहिलं.

ठरलं. येत्या रविवारी सहकुटुंब संग्रहालय. आनंद तिथेच उरकायचा. एक पाना घेऊन सुरुवात केली होती मी. आज अर्ध्या शहराचं प्लंबिंग माझ्याकडे आहे. साडूंना जमतं ते मला न जमायला काय झालं? शिवाय माझे कान! भिंतीमागची गळती नुसत्या कानाने सांगतो. लोक त्यासाठी मशीन आणतात.

ता. क. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय. वॉशर बदलणे. उद्या.

८ मे, बुधवार
तयारी सुरू. सकाळी पाच मिनिटं डोळे मिटून बसलो. उघडले तेव्हा ऑफिसला उशीर झाला होता. प्रगती चांगली आहे. चित्र कसं बघायचं, ते लेकीला विचारलं. म्हणाली, बाबा, फोन बंद ठेवायचा आणि तोंडही. पहिली अट मान्य केली.

नळ: उद्या. आज मन अध्यात्मात होतं.

११ मे, शनिवार
साडूंना फोन करून विचारलं, चित्र नेमकं कोणतं? म्हणाले, तसं सांगता येत नाही, आतून हाक यावी लागते. म्हणजे लपवतायत. रुमाल इस्त्री करून ठेवला. रडताना चुरगळलेला बरा दिसत नाही.

नळ: रविवारनंतर. आई म्हणाली, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

१२ मे, रविवार, दुपारी
संग्रहालयाच्या कँटीनमध्ये बसून लिहितोय. खालची सगळी दालनं कोरडी गेली. एका म्हाताऱ्याच्या चित्रासमोर पापणी न लवू देता उभा राहिलो. पहारेकरी जवळ येऊन म्हणाला, साहेब, डोळ्यात काही गेलं का? लेक हसू दाबायला खोकत बाजूला झाली. अजून वरचा मजला बाकी आहे. मी टेंडर असं सोडत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
झाला! आत्मिक आनंद झाला!

वरचं शेवटचं दालन. रिकामं. भिंतभर एक चित्र, नुसतं निळं. त्यात निळ्याशिवाय काही नाही. समोरच्या बाकावर बसलो, डोळे मिटले. आणि आतून, अगदी आतून, नाद आला. बारीक, अखंड, सूंऽऽऽ. मध्येच एखादा टपोरा स्वर. जन्मभर हाच ऐकत आलोय असं वाटलं, इतका ओळखीचा! पूर्वजन्मीची ओळख म्हणतात ती हीच असणार. ब्रह्मानंदी टाळी लागली. डोळे भरून आले, अगदी खरेखुरे. रुमाल कँटीनमध्ये राहिला होता, बाहीने पुसले.

बायकोला म्हटलं, आतून नाद येतोय गं. तिने क्षणभर कान दिला, माझ्याकडे पाहिलं, आणि माझा हात हातात घेतला. किती वर्षांनी! तसेच बसून राहिलो. तेवढ्यात आई म्हणाली, अरे, ही भिंत दमट दिसतेय. आईचं लक्ष कायम भिंतींवर. अध्यात्म वयावर नसतं हेच खरं.

निघताना बायको मागे राहून पहारेकऱ्याशी काहीतरी बोलत होती. त्या चित्राचं पोस्टकार्ड मिळतं का ते विचारत असेल.

घरी येताच साडूंना फोन लावून नाद सविस्तर ऐकवला. त्यांना नुसतं पाणी आलं होतं.

१३ मे, सोमवार
सकाळी पुन्हा ध्यानाला बसलो. हॉलमध्ये नाद नाही. बेडरूममध्ये नाही. स्वयंपाकघराजवळ बसलं की थोडा येतो. घराची ती बाजू पवित्र असावी.

१४ मे, मंगळवार
सकाळी संग्रहालयातून फोन. अर्जंट. निळ्या चित्राच्या भिंतीत पाइप गळतोय. चित्र रविवारीच उतरवलं, सुखरूप आहे. विचारलं, कळलं कसं? म्हणाले, एका बाईंनी जाता जाता सांगितलं आणि तुमचं कार्ड दिलं.

गेलो. भिंतीला कान लावला. सूंऽऽऽ. टपोरा स्वरही जागेवर. भिंत फोडून सांधा आवळला. नाद बंद.

घरी येऊन बायकोला विचारलं, तुला तेव्हाच कळलं होतं? म्हणाली, तुमच्याबरोबर एवढा संसार केला, मला गळती कळणार नाही? म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, इतके खुश दिसत होतात तुम्ही. वाटलं, तुम्ही निघेपर्यंत गळू दे.

मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणाली, शेवटी पाइपच निघाला! पण डोळ्यांतलं पाणी खरं होतं हो. मी पाहिलंय.

साडूंना काही कळवायची गरज नाही.

संध्याकाळी वॉशर आणि पाना घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती मागोमाग आली, स्टूल ओढून शेजारी बसली. कान दिला. नळ ठिबकत होता.

वॉशर: उद्या.