आई जहाजावर, आम्ही धक्क्यावर

मुक्काम : बंदरासमोरचं लॉज, टायरच्या दुकानाच्या वर

तीर्थस्वरूप वन्सं यांस,

भावजयीचा, खुर्चीवर नीट बसून आणि शांत चित्ताने लिहिलेला नमस्कार. तुम्हीही बसूनच वाचा.

कंबर कशी आहे? शेक घेता ना? भाऊजींचा खोकला कमी झाला का? (नसेल झाला, तर त्यांच्या उशाची ती खिडकी बंद करा. खोकला त्या खिडकीतून येतो हे मी कधीची सांगते आहे.) आम्ही सगळे खुशाल आहोत. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल, तर त्याचं कारण साधं आहे. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. मी 'हॅलो' म्हणते, तुम्ही 'अगं बाई, काय झालं?' म्हणता, आणि मग काय झालं ते सांगायला मला कधी मिळतच नाही. पत्राच्या मधे बोलता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. तेव्हा मुद्द्याचं आधी सांगते आणि मोकळी होते : आई सुखरूप आहेत, वेळेवर जेवताहेत आणि जहाजावर आहेत. आम्ही दोघं जहाजावर नाही. बस, एवढंच. आता घोटभर पाणी प्या आणि पुढचं वाचा, कारण यात माझी चूक कशी नाही ते पुढे आहे.

आपलं काय ठरलं होतं ते आधी आठवा. बाबा गेल्यापासून आई त्या घरात एकट्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे धरलेले. त्यांनी ते घर विकावं, मग तुमच्याकडे राहावं की आमच्याकडे ते खुशाल त्यांनी ठरवावं, पण एकटं राहू नये, यावर आपलं तिघांचं एकमत. (तुमच्या बंधुराजांना विचारलं नव्हतं, पण त्यांनी मान हलवली होती.) तुम्ही गिऱ्हाईकसुद्धा शोधलंत. रविवारी तो बायकोला घेऊन घर बघायला येणार, आणि त्याच्या आत आईंचा होकार मिळवायची कामगिरी माझ्याकडे. आता आईंचा स्वभाव मी तुम्हाला काय सांगू! घराचा विषय काढला की त्यांना वाळत घातलेले कपडे आठवतात. तुम्ही काढलात तर त्यांना शेजारणीकडे निरोप द्यायचा असतो. मी काढला तर त्या सरळ चपलाच घालतात. भांडत नाहीत, रडत नाहीत, उठून जातात, आणि उठून गेलेल्या माणसाशी वाद घालायचा कसा? म्हणून तर हवापालटाच्या नावाखाली जहाजाची सहल ठरवली. चहूकडे पाणी, उठून जाणार कुठे? कल्पना माझी होती. तिचं श्रेय मी तेव्हाही घेतलं होतं आणि आजही घेते.

निघालो तेव्हा सगळं मनासारखं होतं. सकाळची पहिली बस, खिडकीची जागा, सामान बेताचं. अर्ध्या वाटेवर बस चहाला थांबली आणि तिथे आमचं नशीब एका बिस्किटात दबा धरून बसलं होतं. ड्रायव्हरने ते चहात न बुडवता चावलं, आणि त्याची वरची कवळी मधोमध मोडली. आता बस काही दातांनी ओढायची नसते, हे मी त्याला सांगितलंसुद्धा. पण गडी मानी. बंदराच्या स्टँडवर त्याचे नवे व्याही भेटायला येणार होते, आणि बोळक्या तोंडाने व्याह्यांसमोर उतरण्यापेक्षा तो नोकरी सोडायला तयार होता. तेवढ्यात तुमच्या बंधुराजांनी तोंड उघडलं. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवणारा आणि स्वतः मूग गिळून बसणारा हा माणूस, चारचौघांत उभा राहून म्हणाला, "आणा इकडे." (ह्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि कवळ्यांच्या दुरुस्तीचं सामान जास्त आहे, हे मला तिथे कळलं. जहाजावर म्हातारी माणसं फार असतात, म्हणे. कुणाची कधी अडेल सांगता येत नाही!) टपरीच्या बाकावर दुकान मांडलं, पावडर कालवली, जोडलं, घासलं, फुंकर मारली. मग ते वाळायला नको? वन्सं, मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींची वाट बघितली आहे, पण अख्खी बस एका माणसाचे दात वाळायची वाट बघते आहे हे पहिल्यांदाच बघितलं. लोक पाळीपाळीने येऊन विचारून जायचे, "वाळले का हो?" आई शेजारी बसून वर्तमानपत्राने दातांना वारा घालत होत्या आणि मलाच सांगत होत्या, की घाई करू नकोस, माणसाच्या हसण्याचा प्रश्न आहे. शेवटी दात बसले, ड्रायव्हर हसला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी एकटीने घड्याळ बघितलं.

स्टँडवर टॅक्सी मिळाली. बंदराचं कुठलं गेट, असं टॅक्सीवाल्याने विचारलं. मी म्हटलं, मोठं. आता मला सांगा, एवढं अवाढव्य जहाज, त्याला गेट मोठंच असणार की नाही? त्याने नेलं ते मोठंच होतं, त्यात वाद नाही. फक्त त्यातून ट्रक आत जात होते. सिमेंटची पोती, लोखंडी सळ्या, आगगाडीच्या डब्यांएवढ्या पेट्या, आणि त्यांच्यामधून आम्ही तिघं, चाकाच्या बॅगा ओढत. बॅगेचं एक चाक तिथेच कुठेतरी राहिलं. एका हमालाला आईंची दया आली आणि त्याने त्यांना हातगाडीवर बसवलं. आई आमच्या सामानावर मांडी घालून बसल्या आणि वरून मला रस्ता सांगू लागल्या. (रस्ता त्यांनी बरोबर सांगितला, हे प्रामाणिकपणे नमूद करते.)

आता रांगेचं. रांग या विषयात मला कुणी शिकवू नये. वीजबिलाच्या खिडकीत मी आतल्या बाजूला बसते. रांग कधी हलते, कधी हलत नाही आणि कुणामुळे हलत नाही (बहुधा माझ्यामुळे), हे मला पक्कं ठाऊक. आपल्या घरची पद्धत तुम्हाला माहीत आहेच : तीन माणसं, तीन रांगा, ज्याचे कागद त्याच्या हातात, आणि ज्याची रांग आधी सरकेल त्याने हाक मारायची, की बाकीच्यांनी तिकडे पळायचं. याच पद्धतीवर आपण बँका आणि दवाखाने निभावले, तुमच्या मुलीचा शाळाप्रवेश तर तुम्ही विसरला नसालच. जहाजाच्या इमारतीत तीन रांगा दिसल्या. वेळ थोडा उरलेला. मी तिथल्या तिथे वाटणी केली. आईंना खांबाजवळची आखूड रांग दिली, बंधुराजांना पलीकडची, आणि सगळ्यात लांब, बॅगांनी भरलेली, खरी वाटणारी रांग स्वतःकडे घेतली.

माझ्या पुढच्या बाई भारी बोलक्या निघाल्या. जहाजावर कुठली खोली चांगली, कुठल्या बाजूला ऊन येतं, सगळं त्यांना तोंडपाठ. मी मनात म्हटलं, किती अनुभवी बाई! पुष्कळ वेळाने उलगडा झाला, की त्या सकाळीच जहाजावरून उतरल्या होत्या आणि ती रांग हरवलेलं सामान शोधणाऱ्यांची होती. बंधुराजांची तर आणखी तऱ्हा. त्यांची रांग निघाली जहाजावर नोकरीला लागणाऱ्यांच्या तपासणीची. ह्यांना कुणीतरी आ करायला सांगितलं, ह्यांनी केला. वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं, हे राहिले. शेवटी डॉक्टरने ह्यांच्या हातात 'स्वयंपाकघरातील कामास योग्य' असा शेरा मारलेला कागद ठेवला. (इतकी वर्षं संसार केला वन्सं, मला हे कुणी सांगितलं नव्हतं.) आणि आईंची रांग? ती खरी. म्हणजे आमच्या पद्धतीप्रमाणे एक रांग बरोबर लागलीच की नाही? पद्धतीत काही खोट नाही. हाक तेवढी ऐकू आली नाही.

भोंगा वाजला तेव्हा आम्ही काचेच्या भिंतीकडे धावलो. जहाज हललं होतं. वरच्या कठड्याला आई उभ्या, जांभळी शाल, हातात पर्स, खांद्याला कपड्यांची पिशवी. मी दोन्ही हातांनी त्यांना 'उतरा, उतरा' अशा खुणा केल्या. त्यांनीही दोन्ही हात हलवले. मी जितक्या जोरात खुणा केल्या, तितक्या जोरात त्या हात करत होत्या. गेटवरच्या माणसाने सांगितलं, आता काही होणार नाही, परवा पुढच्या बंदराला जहाज लागेल, तिथे रस्त्याने या. त्या इमारतीतल्या पाट्यांबद्दल मी त्याला जे काही सुनावलं ते इथे लिहीत नाही, भाऊजीही पत्र वाचतात. पण खरं सांगते, सुनावतानाही माझे डोळे त्या जांभळ्या शालीवर होते. आई आयुष्यात कधी एकट्या परगावी गेल्या नव्हत्या. बंधुराज धक्क्यावर बॅगेवर बसून लहान मुलासारखे रडले. मीही रडले असते, पण दोघांनी रडून सामान कोण बघणार?

संध्याकाळी आईंचाच फोन आला. आवाज असा टवटवीत, की मला आधी वाटलं तुमची मुलगी बोलते आहे. एका निवृत्त नर्सबाईंशी त्यांची गट्टी जमली आहे. दोघी पत्ते खेळतात आणि आई जिंकतात. जहाजाला मजले किती ते त्यांनाही मोजता येत नाहीत, पण त्या जिन्याने जातात, लिफ्टमध्ये गार वारा लागतो म्हणून. (गुडघ्यांचं काय, असं मी विचारलं. म्हणाल्या, गुडघ्यांना कुणी सांगितलं नसेल.) एकटीला भीती नाही ना वाटली, झोप लागली का, असं मी आज सकाळी विचारलं. तर म्हणाल्या, हे गेल्यापासून पहिल्यांदा सलग झोपले. घरी पहाटे ताईचा (म्हणजे तुमचा) फोन येतो आणि रात्री तुझा, झोप लागली का विचारायला, त्यानेच जाग येते. वन्सं, मी चक्क 'चुकलं' म्हणून गेले. तुम्हाला माहीत आहे, असं माझं होत नाही.

तरी मी माझं कर्तव्य सोडलं नाही. म्हटलं, आहेत जहाजावर, जाणार कुठे, आणि घराचा विषय काढला. त्यांनी फोन ठेवला.

तेव्हा तुम्ही काळजी करू नये. करायचीच असेल तर माझी करा. खाली दिवसभर टायर ठोकतात आणि वर तुमचे बंधुराज लॉजच्या मालकाची कवळी घासत बसलेत. भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद, आणि त्या खिडकीचं तेवढं बघा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. रविवारच्या त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा. 'पुढे बघू' असं नको, स्वच्छ नाही. त्या घरात आई राहतील आणि एकट्याच राहतील. तुम्ही रागवाल, मला म्हणाल की तू फितूर झालीस. झाले. पहाटेचा फोन तुम्ही बंद करा, रात्रीचा मी करते.

ता. क. २. वरचं लिहून झाल्यावर जहाजाच्या कचेरीतल्या बाईचा फोन आला, आमच्या दोघांच्या तिकिटांची चौकशी करायला. म्हणाली, तुमचं येणं रद्द झालं असं आजींनी चढतानाच सांगितलं, म्हणून आम्ही त्यांना एका माणसाची खोली दिली, समुद्राच्या बाजूची. चढतानाच, वन्सं! आम्ही रांगेत उभे होतो तेव्हा! मी तडक आईंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, तुम्ही दोघी त्या दिवशी स्वयंपाकघरात बोलत होतात ना, उठून जाणार कुठे म्हणून? मी बाहेर कपडे वाळत घालत होते. मला ऐकू चांगलं येतं. मी आधी संतापले, मग हसायला लागले ते हसू थांबेचना. बंधुराजांना सांगितलं. ते म्हणाले, "आईचं बरोबर आहे." कुणी न विचारता.

ता. क. ३. उद्या आम्ही पुढच्या बंदराला जातो आहोत. आई म्हणाल्या, यायचं तर या, धक्क्यावर चहा घेऊ, मग तुम्ही घरी जा, माझी सहल अजून बाकी आहे. पुढच्या वर्षीच्या जहाजाचीही त्यांनी चौकशी केली आहे. तुम्हाला बरोबर न्यायचं म्हणतात. मी म्हटलं, वन्संची कंबर ही अशी, तिथे त्यांना सांभाळणार कोण? तर म्हणाल्या, "मी आहे ना."