पंचवीस एमबीत मावेल तेवढं गेट

मंगळवार, ३ जून
आज सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी फर्निचरवाल्याच्या टेम्पोने रिव्हर्स घेताना आमच्या इमारतीचं गेट पाडलं. वेळ अंदाजे नाही — धडाम झालं तेव्हा मी घड्याळ बघितलं. गेट पडलं ते थेट सेक्रेटरीच्या नव्या मोटारीवर. टेम्पो पसार! मग सेक्रेटरीचा राग निघाला वॉचमनवर. "तू जागेवर नव्हतास." तो मान खाली घालून उभा. सात वर्षं झाली त्याला इथे.

शनिवारी, १४ तारखेला, मीटिंग. त्यात त्याला काढणार. ठरलेलंच आहे, हात वर व्हायचे तेवढे बाकी. साडेदहाला मी या डोळ्यांनी त्याला खुर्चीत पाहिलं! एकतीस वर्षं भूगोल शिकवला. कोण जागेवर आहे आणि कोण नाही, हे मला कोणी शिकवू नये.

बुधवार, ४ जून
पुरावा आहे! बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलंय. भाचीला दाखवायला रोज फोन स्टँडवर लावून शूटिंग करते. काल बंद करायलाच विसरले. बावन्न मिनिटं! आणि घरट्याच्या मागे, खाली, अख्खं गेट. टेम्पो नखाएवढा दिसतोय, पण दिसतोय.

तशीच सेक्रेटरीकडे गेले. "आजी, तुमचा फोन मी हातात घेणार नाही. उद्या म्हणाल मी काही पुसलं. ईमेल करा. पंचवीस एमबीच्या आत."
फाइल नऊ जीबीची. आणि आजी? केस याचे पिकलेत, आजी मी!

गुरुवार, ५ जून
एक फुकटचं अ‍ॅप उतरवलं. 'क्वालिटी तीच, साइज कमी' असं वर मोठ्या अक्षरांत. नऊ जीबीचे चोवीस एमबी झाले. पाठवून दिलं.

शुक्रवार, ६ जून
उत्तर: "काही दिसत नाही." ना नमस्कार, ना सही.
उघडून बघितलं. बुलबुल म्हणजे तपकिरी डाग, गेट म्हणजे राखाडी डाग, टेम्पो म्हणजे सरकणारा डाग. क्वालिटी तीच म्हणे!
अ‍ॅपमध्ये 'स्पष्ट करा' असं बटण आहे. दाबलं. डागांना कोपरे फुटले.

रविवार, ८ जून
भाचीचा फोन. ती व्हिडिओ एडिटिंग करते, हे मला आधी आठवायला हवं होतं.
"मावशी, चोळामोळा केलेल्या कागदाला इस्त्री करून तो कोरा होतो का? मूळ फाइल आहे ना? पुसली नाहीस ना?"
"मी वेडी आहे का?"
"मग तिच्यापासूनच सुरू कर. दाबलेली परत दाबायची नाही. आणि बावन्न मिनिटं कशाला? टेम्पो येतो ते जातो तेवढंच काप. चौकटही काप, बुलबुल नकोय त्यांना. जी जागा वाचेल ती सगळी गेटला मिळेल."

हे तर आमच्या कॉन्व्हेंटातलं सारांशलेखन! उताऱ्याचा एक-तृतीयांश करताना प्रत्येक वाक्य लंगडं केलं की सिस्टर पट्टी आपटायच्या. नको ती वाक्यं अख्खी काढा, हवी ती धडधाकट ठेवा. मला दहापैकी नऊ असत. एवढं सोपं कोणी आधी का सांगत नाही?

सोमवार, ९ जून
भाची फोनवर, मी लॅपटॉपवर. तिने सांगितलेला प्रोग्राम दोन फेऱ्या मारतो. पहिल्या फेरीत नुसतं बघतो कुठे काय हलतंय, दुसऱ्या फेरीत जिथे हलतंय तिथे जागा जास्त देतो. शहाणा आहे. आमच्या कमिटीत घ्यावा.
चाळीस सेकंद. फक्त गेट आणि रस्ता. आवाजही काढून टाकला, माझा रेडिओ आणि कुकर कोणाला ऐकायचाय!
एकवीस एमबी. नंबरप्लेटचा आकडा न् आकडा वाचता येतो. ड्रायव्हरच्या कानाला फोन! टाळ्या वाजवल्या मी, एकटीनेच. दुपारी दोनला पाठवला.

मंगळवार, १० जून
सेक्रेटरीचं उत्तर: "आजी, आभारी आहे. फारच स्पष्ट आहे. डावीकडे वॉचमनची खुर्ची बघा."
बघितली. रिकामी.
मी नंबरप्लेटच बघत बसले होते.

खाली जाऊन वॉचमनला विचारलं. "कुठे होतात हो तुम्ही?"
"असू द्या, बाई."
"असू द्या काय! नोकरी चाललीय तुमची. मीच घालवली, तीही इतकी स्पष्ट!"
"असू द्या," म्हणाला आणि पाण्याची मोटर बंद करायला गेला. इतका राग आला त्याचा!

गुरुवार, १२ जून
मूळ फाइल सुरुवातीपासून लावली. हेडफोन घातले. दहा अडतीसला माझाच आवाज, स्वयंपाकघराच्या खिडकीतून: "अहो, पळत जा आणि ब्रेड आणा, चहा झालाय!" तो उठतो, वर बघतो, हात करतो, जातो. ब्रेड नेहमीसारखा कडीला अडकवलेला मिळाला होता. दिवसातून किती हाका मारते मी? कधी मोजल्या नाहीत.

खाली गेले. "तेव्हाच का नाही बोललात?"
"तुम्ही परत हाक मारली नसती, बाई."

नवी फाइल केली. साडेचार मिनिटं, चोवीस एमबी, आवाजासकट. चित्र जरा मऊ झालंय. होऊ दे. सोबत लिहिलं — वॉचमनला जागेवरून मी उठवलं, ठपका माझ्या नावावर लिहावा, त्याला कामावर ठेवत असल्याचं लेखी उत्तर मला उद्या, शुक्रवार १३ जून, संध्याकाळी पाचच्या आत मिळावं.