साडेचारची चढाई

शुक्र. ४ फेब्रु. २०२२
परत हरलो. 'हरलो' म्हटलेलं मुक्ताला आवडत नाही. "आई, यू डोन्ट प्ले." खरंय. मी घडीच्या खुर्चीवर बसते, संत्री सोलते आणि घसा बसेपर्यंत ओरडते.
तीन मॅच, मिळून एक ट्राय. रग्बी लीग आता मला पाठ झालीय: चेंडू घेऊन पळायचं, समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला की ट्राय, पास फक्त मागे, सहाव्यांदा धरलं की चेंडू समोरच्यांचा. आमच्या पोरी सहाही वेळा जिथल्या तिथे. हल्ला रचायचं काम मधल्या दोन 'हाफ' खेळाडूंचं, सात नंबर आमची मुक्ता, सहा नंबर यारा. दोघी चेंडू हातात आला की चटका बसल्यासारखा बाजूला देऊन मोकळ्या. समोरच्या फळीत घुसायचं नाव नाही. त्यांची कोच, मिस हेलन, मला हळूच म्हणाली, मुक्ता समोरच्यांच्या अंगावर जात नाही, घाबरते.
चौदा वर्षांची माझी पोर, आणि घाबरते. मी कॉलेजात चार वर्षं कबड्डीच्या चढाया केल्यात. पण हेलनला काय सांगायचं.
गाडीत कानात इअरफोन. काय झालं? "नथिंग." घर, म्हणजे दोह्यातलं गराफा, येईपर्यंत एवढंच. महिनाभर असंच चाललंय. पूर्वी ही पोर मागच्या सीटवरून बोलायची थांबायची नाही.

रवि. ६ फेब्रु.
सुहासला परत आठवण करून दिली. स्टेडियमच्या एसीच्या चिलर प्लांटचं त्याचं काँट्रॅक्ट जूनला संपतंय. कंपनी वर्ल्डकपपर्यंत वाढवायला तयार आहे, त्यानंतरही मेंटेनन्सवर ठेवतील म्हणतो. मी नाही म्हटलंय. बारा वर्षं पुरे. जूनमध्ये नाशिक. मुक्ताच्या दहावीसाठी तिथल्या शाळेचा फॉर्मसुद्धा मागवून ठेवलाय.
तिला सांगितलेलं नाही. परीक्षा झाली की सांगू, असं आमचं ठरलंय. म्हणजे माझं ठरलंय, सु. ने मान डोलावली.
भाजी चिरताना उगाच कबड्डीचं मैदान आठवलं. सकाळी पाणी मारलेली माती, तिच्यावर चुन्याची ताजी रेघ, आणि आपण अनवाणी. इथे बारा वर्षांत अनवाणी जमिनीवर पाय टेकला असेल तर समुद्रावरच.

मंगळ. ८ फेब्रु.
क्रीडा दिनाची सुट्टी. सगळं दोहा ट्रॅकसूट घालून रस्त्यावर. आमच्या कंपाउंडच्या पार्किंगमध्ये मुक्ता एकटीच चेंडू भिंतीवर मारत होती. मी चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, मला चुकवून जा.
"आई, प्लीज."
म्हटलं, जा तर.
आली. डाव्या बाजूने दाखवलं, उजवीकडून गेली. मी घोटा धरला. सलवार-कमीज, त्रेचाळीस वय, एक गुडघा कामातून गेलेला. पडली. परत आली. परत धरली. चौथ्यांदा ती बसूनच राहिली आणि माझ्याकडे अशी बघत होती, जणू ही बाई घरात कधी राहायला आली.
"हाऊ डू यू नो?"
सांगितलं, तोंड आणि हात खोटं बोलतात. पाय बघ. ज्या पायावर भार, त्या बाजूला माणसाला पटकन वळता येत नाही.
गुडघा सुजलाय. बर्फ लावून बसलेय. आज मी फार खूश आहे.

रवि. १३ फेब्रु.
पाचवा दिवस. साडेचारला ती आपणहून खाली येते. पार्किंगची पिवळी पट्टी ही आमची मध्यरेषा. तिने यायचं, मला शिवायचं, धरली न जाता पट्टीपलीकडे परत जायचं, तर गुण. मला दुसरं काही शिकवताच येत नाही, हेच येतं. दमही शिकवला. पहिल्यांदा 'कबड्डी कबड्डी' म्हणताना तिला हसूच आवरेना, आता एका श्वासात मस्त म्हणते.
काल मला दोनदा चकवून गेली. मधेच म्हणाली, "आई, तू तेव्हा जिंकायचीस का?" अख्खं वाक्य मराठीत. मी म्हटलं, कधी कधी. खरं तर पुष्कळदा. का लाजले कोण जाणे.
सु. म्हणतो, तू हल्ली पोळ्या लाटताना गुणगुणतेस.

शुक्र. १८ फेब्रु.
हे लिहायलाही जड जातंय.
मध्यंतरानंतर, ०-८. मुक्ताला चेंडू मिळाला आणि या वेळी तिने तो दिला नाही. समोरच्या पोरीचा पाय बघितला, मला खुर्चीवरून दिसलं तिने बघितलेला, आणि अशी सुटली की अडवणाऱ्या दोघी एकमेकींवर आदळल्या. फळी फुटली. पुढे कोणी नाही, वीस-पंचवीस पावलांवर ट्रायची रेषा. मी उभी राहिले.
आणि ती वळली. चेंडू छातीशी धरून पूर्ण वळली आणि आपल्याच बाजूला जोरात पळत आली. चार-पाच पावलं. मग तिला कळलं, थांबली, तेवढ्यात तिघींनी पाडली. आधी कोणाला काही समजेना, नंतर सगळे हसले. याराही हसली. मीच तेवढी हसले नाही. ती का वळली ते त्या मैदानावर मला एकटीला माहीत होतं.
गाडीत इअरफोन घातले नाहीत. मदिनत खलीफाच्या सिग्नलला बोलली. "तूच शिकवलंस परत यायला. इथे कोणी परत येत नसतं, आई. इथे पुढेच जायचं असतं. सगळे हसले मला."
रागातलं का होईना, सगळं मराठीत बोलली. आणि तेवढ्यातही माझ्या मनात पहिलं तेच आलं. काय आई आहे मी.

मंगळ. २२ फेब्रु.
साडेचारला मी खाली जाऊन उभी राहिले. पाच वाजले. ड्रायव्हर लोक गाड्या लावायला लागले. वर आले.
हेलनने तिला कडेला टाकलंय, विंगवर. सात नंबर आता याराकडे. तिथे मुक्ताला चेंडूच मिळत नाही. जेवताना म्हणाली, "इट्स फाइन." अजिबात फाइन नाही.

शुक्र. ४ मार्च
अजून एक मॅच. एकही ट्राय नाही. यारा एकटी काय काय करणार, आता तीसुद्धा घाबरून लाथेने चेंडू लांब उडवून देते. मुक्ता कडेला उभी, हात कमरेवर. अख्ख्या मॅचमध्ये दोनदा चेंडूला हात लागला.
त्या दहा दिवसांची फार आठवण येते. हसण्यासारखं आहे, पोर माझ्याच घरात, दोन दारं पलीकडे, आणि आठवण काय येते. नाशिकचीसुद्धा इतकी कधी आली नाही.

गुरु. १७ मार्च
होळी. पुरण जरा पातळ झालं. सु. ने तीन पोळ्या खाल्ल्या आणि मग विषय काढलाच. महिनाअखेर होकार-नकार कळवायचाय. "नक्की ना?" मी म्हटलं नक्की. पूर्वी हे म्हणताना बरं वाटायचं.
चारच्या सुमाराला मुक्ता स्वयंपाकघराच्या दारात. पायात बूट. "चल खाली. पण लाइन नको."
नवा नियम तिचा. मी मधे उभी राहायचं. तिने मला चुकवून थेट गेटपर्यंत जायचं, परत यायचं नाही, तिथूनच नवी सुरुवात. सोळा वेळा आली, दोनदा धरली. बाकी वेळा मी वळून नुसती पाठ बघितली. पाठ छान रुंद झालीय. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

शुक्र. २५ मार्च
जिंकलो नाही. ८-१२. पण दोन ट्राय.
यारा लंगडायला लागली म्हणून हेलनने शेवटची दहा मिनिटं मुक्ताला मधे आणलं. पहिल्यांदा फळी फोडून स्वतः गेली, सरळ, चेंडू टेकवला आणि तशीच पालथी पडून राहिली. दुसऱ्यांदा दोघींना अंगावर घेऊन यारासाठी वाट केली. यारा लंगडत लंगडत गेली पण गेली. मला ओरडताच आलं नाही. रडू येत होतं, सरळ सांगायचं तर.
नंतर हेलन तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ऑक्टोबरच्या सीझनला सात नंबर तुझा. मुक्ता हो म्हणाली नाही. माझ्याकडे बघितलं.

बुध. ३० मार्च
परीक्षा संपली. सांगितलं. जून, नाशिक, शाळा, सगळं एका दमात.
तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "माहितीय मला. जानेवारीतच. तो फॉर्म तू प्रिंट करून प्रिंटरमध्येच विसरलीस."
म्हणजे ती बोलायची बंद झाली ती तेव्हापासून.
विचारलं, मग बोलली का नाहीस? "तू सांगशील म्हणून थांबले. मग तू खाली यायला लागलीस. मग मला विचारायचं नव्हतं. विचारलं असतं तर ते थांबलं असतं."
मला वाटत होतं पोर हातची गेली म्हणून मी हिला परत मिळवतेय. ती तीन महिने माझं गुपित सांभाळत बसली होती.
म्हटलं, तुला काय हवंय? "आधी तू सांग. तुला खरंच जायचंय का? बाबाला सांगतेस तसं नको सांगू."
बारा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.

शनि. २ एप्रिल
गुढी गॅलरीतच उभारली. आजपासूनच रोजेही. काल वर्ल्डकपचा ड्रॉ झाला, सु. च्या ऑफिसात त्याशिवाय दुसरा विषय नाही. महिनाअखेरची मुदत तीन दिवस वाढवून घेतलीय त्याने, उद्या सकाळी सांगायचंच आहे. मला विचारलं, मी म्हटलं मुक्ताला विचार. तिला विचारलं, ती म्हणाली आईला. बिचारा श्रीखंडाची वाटी घेऊन बसलाय.
मला नाशिकला जायचंय. आत्ता, हे लिहिताना तर फारच जायचंय. आणि ऑक्टोबरमध्ये ही सात नंबर घालून उतरेल तेव्हा मला इथेच असायचंय. यातलं एक खोटं असतं तर सोपं झालं असतं.
ती आत कपाट आवरतेय. जाऊन तिला एवढंच सांगणार आहे, मला दोन्ही हवंय. मग ती जे म्हणेल ते सु. उद्या कळवेल.